पहिला कटला

निवृत्तीनंतर मी लालबागहून दर रविवारी पवई तलावावर गळ टाकायला जाऊ लागले. तीन रविवार रिकाम्या हातांनी परतल्यावर एकदाचा कटला लागला. तो पिशवीत घालणार, तोच शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी थांबवलं.

“ताई, लहान आहे अजून. बोटाएवढी पिल्लं आम्ही गळवालेच आणून सोडतो इथं. वाढू दे त्याला. चिलापी हवी तेवढी न्या, तिने तलाव भरलाय.”

माझा चेहरा पडला. त्यांनी मला हात ओले करायला लावले, मासा पाण्यात अलगद धरायला शिकवलं. जरा वेळाने त्याने शेपटी हलवली नि माझ्या तळव्यांतून निसटून गेला. एवढा आनंद मला घरी नेलेल्या माशाने दिला नसता. त्या गृहस्थांचे आभार मानायलाही मला सुचलं नाही. पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी डबाभर घावणे नेले.