आद्रोगेची दुपार

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिशिगनमधल्या ट्रॉयच्या ऑफिसमध्ये मीटिंगला बसलो होतो. फोन काकूंचा होता. "गजानन, काका गेले रे. सकाळी चहा घेतला, आणि मग..." एवढंच म्हणाल्या. मी "येतो" म्हणालो, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मीटिंग संपेपर्यंत तसाच बसून राहिलो. मध्येच कुणीतरी मला एका पार्टच्या डिलिव्हरीची तारीख विचारली, तीही मी बरोबर सांगितली. आज दहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. याची लाज वाटते, पण काकांबद्दल लिहायचं तर जे झालं तेच लिहायला हवं.

वसंत जोगळेकर मूळचे नाशिकचे. मिशिगनमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी क्वालिटी विभागात आयुष्य काढलं. मी मेहकरचा. वडील शाळेत शिपाई, घरात पदवी घेणारा मी पहिला. ॲन आर्बरला एमएस करत असताना उन्हाळ्यात मला काकांच्या हाताखाली इंटर्नशिप मिळाली आणि त्यानंतर माझं जे काही बरं झालं त्यात कुठे ना कुठे त्यांचा हात होता. पहिला थंडीचा कोट त्यांनी मला दुकानात नेऊन घ्यायला लावला. ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झालो, तिन्ही वेळा गाडी त्यांचीच होती. "ॲन आर्बरचं गोल्ड मेडल, पण रिव्हर्स जमत नाही," असं ते काकूंना माझ्यादेखत सांगायचे. माझ्या वडिलांशी फोनवर बोलताना मात्र "अहो, तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, ही आमची चैन आहे," म्हणायचे. पहिल्यांदा हे ऐकलं त्या दिवशी बाबा फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून होते, असं आईने मला नंतर सांगितलं.

इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात मी एका तपासणीच्या कागदावर सही केली होती. पार्ट पुरवणाऱ्या कंपनीने मापं पाठवली होती, ती सगळी बसत होती, मी 'ओके' लिहून मोकळा झालो. काका मला कागदासकट खाली शॉप फ्लोअरवर घेऊन गेले. खोक्यातून एक पार्ट काढून माझ्या हातात दिला. "हा तू आधी बघितला होतास?" मी नाही म्हणालो. "मग सही कशाची केलीस?" आवाज चढलेला नव्हता. परत जिना चढताना म्हणाले, "हुशार नसलेला माणूस मला चालतो रे. न बघता सही करणारा चालत नाही." पार्ट चांगलाच होता. पण तो मुद्दाच नव्हता.

पस्तीस वर्षांपूर्वी कंपनीने काकांना दीड वर्षासाठी अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सजवळच्या कारखान्यात पाठवलं होतं. काकू तेव्हा व्हिसाची वाट बघत मुलाला, लहानग्या निखिलला, घेऊन नाशिकला सासरी होत्या. काका शहराच्या दक्षिणेला आद्रोगे नावाच्या उपनगरात एका विधवा बाईंच्या घरी मागची खोली घेऊन राहिले. बाईंचं नाव एल्सा. काका त्यांना एल्साबाई म्हणत. आम्ही सगळ्यांनी एल्साबाईंबद्दल इतकं ऐकलं होतं की त्या नाशिकच्याच कुणी वाटायच्या. नाताळला दोन्हीकडून पत्रं जायची. मग त्यांच्याकडून यायची थांबली. काकांनी चौकशी केली नाही. "नसतील तर कळून काय करू?" असं एकदा म्हणाले होते.

या मार्चमध्ये कंपनीने मला त्याच कारखान्यात पाच दिवसांसाठी पाठवलं. काकांना तेव्हा घरात ऑक्सिजनची नळी लागलेली होती. मी निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी पत्ता लिहून तयार ठेवला होता. म्हणाले, "एल्साबाई आहेत का, एवढं बघून ये. दुपारी जाऊ नकोस. एक ते चार तिथे सगळं गाव झोपतं. चारनंतर जा." थोडं थांबून, श्वास घेऊन, "मला कळलेलं बरं आता." काकूंनी बेसनाचे लाडू दिले, स्टीलच्या गोल डब्यात. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात तसं त्या डब्याच्या झाकणावर 'वसंत जोगळेकर' असं कोरलेलं होतं.

कारखान्यातलं काम लांबलं. मोकळा वेळ मिळाला तो थेट शुक्रवारी, आणि विमान त्याच संध्याकाळी. मी आद्रोगेला पोचलो तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. स्टेशनजवळची दुकानं बंद होती. दगडी फरसबंदीचे रस्ते, दोन्ही बाजूंनी वर एकमेकांत मिसळलेली जुनी झाडं, बैठी घरं, आणि प्रत्येक खिडकीवर लाकडी पट्ट्यांचं शटर खाली ओढलेलं. एक कुत्रा पायरीवर झोपला होता, त्याने डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. मुंबईसारखं अवाढव्य शहर ट्रेनने अर्ध्या तासावर होतं, आणि इथे माझ्या बुटांचा आवाज मलाच मोठा वाटत होता. घर सापडलं. लोखंडी फाटक, फाटकाला घंटीचं बटण. मी ते एकदा, हलकेच दाबलं. आत काही वाजल्याचं ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा दाबायला बोट गेलं नाही. मेहकरला दुपारी गुरुजींचं दार वाजवलं म्हणून मी लहानपणी बाबांचा मार खाल्लेला आहे. झोपलेल्या घराचं दार वाजवायचं नाही हे तेव्हा जे अंगात बसलं ते बसलंच. हाक मारावी तर भाषा येत नव्हती. मी समोरच्या कट्ट्यावर सव्वा तास बसलो. सव्वातीनला विमानतळाची गाडी आली. डबा पिशवीत घालून फाटकाला अडकवला आणि निघालो. चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. गाडी वळल्यावर ते लक्षात आलं.

ट्रॉयला परत आल्यावर रविवारी काकांकडे गेलो. मी बूट काढत होतो तोच त्यांनी आतून विचारलं, "आहेत?"

मी म्हणालो, "आहेत."

हे मी का म्हणालो याचा विचार खूप केला आहे. त्यांचा चेहरा बघून म्हणालो असं म्हणता आलं असतं, पण मी तर अजून दारातच होतो, चेहरा दिसलाही नव्हता. "भेटल्या?" "हो, भेटल्या. छान आहेत." "काय म्हणाल्या?" "मला स्पॅनिश कुठे येतं काका... पण हसत होत्या. तुमचं नाव घेतलं." काका पडल्या पडल्या छताकडे बघत राहिले. मग काकूंना म्हणाले, "ऐकलंस? एल्साबाई आहेत." पुढचे कितीतरी दिवस येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगत होते. मी समोर असलो की माझ्याकडे बोट दाखवायचे. "हा स्वतः बघून आलाय."

काका गेल्यावर तेराव्या दिवसानंतर मी काकूंकडे गेलो तेव्हा त्या काकांचे शर्ट देऊन टाकायला वेगळे काढत होत्या. निखिल दुसऱ्या राज्यातून, अल्फारेटाहून, फोनच्या स्पीकरवर होता. काकूंनी ठरवलं होतं की एल्साबाईंना स्वतः जाऊन सांगायचं.

"आई, इतक्या लांब कशाला? जस्ट ईमेल कर ना."

"कुणाच्या ईमेलवर करू?"

"मग लेटर पाठव. तू सत्तर वर्षांची आहेस, आई."

"एकोणसत्तर. आणि एकटी नाही जात. गजाननने घर बघितलंय, तो येईल." मग माझ्याकडे वळून, "कशी आहे रे बाई? उंच आहे का? ह्यांनी कधी नीट सांगितलंच नाही."

मी निखिलचा फोन संपेपर्यंत थांबलो. मग सांगितलं. बटण एकदाच दाबलं, सव्वा तास बसलो, कुणाला बघितलं नाही, काकांना जे सांगितलं ते सगळं माझ्या मनाचं. काकूंच्या हातातल्या शर्टची घडी अर्धी झाली होती, ती त्यांनी पूर्ण केली. दुसरा शर्ट घेतला. त्याचीही केली. मला वाटत होतं आता मला जायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर बरंच झालं असतं.

"लाडू तरी पोचले का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग बघून येऊ."

आम्ही जूनच्या शेवटी गेलो. तिकडे थंडी होती, काही झाडं बोडकी झाली होती, फुटपाथवर ओल्या पानांचा थर होता. या वेळी साडेचार वाजले होते. दुकानं उघडत होती, शाळेतून परतणारी मुलं आयांचे हात धरून चालली होती, त्याच पायरीवरचा कुत्रा जागा होता. मी फाटकाशी जाऊन बटण दाबलं. शेजारच्या अंगणातल्या म्हाताऱ्याने आमच्याकडे बघून मान हलवली, बटणाकडे बोट दाखवून हात झटकला, आणि मग स्वतःच दोन टाळ्या वाजवून दाखवल्या. इथे फाटकाबाहेरून टाळ्या वाजवतात. घंट्या असतात, कुठे चालतात, कुठे नाही. मार्चमधलं माझं ते एकदा दाबणं आत पोचलंच नव्हतं. काकूंनी पर्स माझ्याकडे दिली आणि दोन टाळ्या वाजवल्या.

दार उघडलं ते एल्साबाईंच्या मुलीने, ग्रासिएलाने. ती शाळेत इंग्रजी शिकवते. काकूंनी नाव सांगितल्याबरोबर ती त्यांना हाताला धरूनच आत घेऊन गेली. एल्साबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. उंच नाहीत. पांढरे केस आखूड कापलेले, अंगात पुरुषी स्वेटर. मागच्या फळीवर काकूंचा डबा होता. मुलीने सांगितलं तसं त्या उठल्या, काकूंचे दोन्ही गाल हातात धरले, आणि भराभर बोलायला लागल्या. ग्रासिएला मागून इंग्रजीत सांगत होती. "आई म्हणते, मार्चमध्ये तो येऊन गेला. ती झोपली होती म्हणून उठवलं नाही. पूर्वीही असाच होता, दुपारी घरात मोजे घालून चालायचा. त्याच्याकडे असाच डबा होता, त्यावर अशीच अक्षरं. म्हणून कळलं." मग एल्साबाई थांबल्या, आमच्यामागे दाराकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. ग्रासिएलाने ते सांगायला जरा वेळ घेतला.

"आई विचारते, तो गाडी लावतोय का?"

 काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आग्रहानेही नाही... नुसतं बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं की मार्चमध्ये काका नव्हते आले, मी आलो होतो. काका आजारी होते, त्यांनी मला तुम्ही आहात का ते बघायला पाठवलं होतं. मी न भेटताच गेलो आणि भेटलो असं त्यांना सांगितलं. आणि मे महिन्यात काका गेले. ग्रासिएला एकेक वाक्य आईला सांगत होती. माझं सांगून संपलं तरी ती दोन वाक्यं मागे होती, त्यामुळे शेवटचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहावं लागलं.

एल्साबाई खाली बसल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"किती वेळ थांबला होतास, असं विचारते."

"सव्वा तास."

त्यांनी मान हलवली आणि हळू आवाजात काही सांगितलं. ग्रासिएलाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मला सांगितलं. "आई म्हणते, ती हल्ली दुपारी झोपत नाही. नुसती पडून असते. तो सगळा वेळ ती जागी होती."

 काकूंनी एल्साबाईंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. दोघी एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत थोडंथोडं बोलत होत्या, ग्रासिएलाने चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर एल्साबाई उठल्या आणि मला बोटाने 'ये' म्हणाल्या. मागच्या खोलीत नेलं. पलंग, टेबल, अंगणाकडची एक खिडकी. त्यांनी खिडकीशेजारचा, शटर वर-खाली करायचा पट्टा माझ्या हातात दिला. मी तो सोडत गेलो तसं लाकडी शटर खाली आलं, खोलीत अंधार झाला, आणि शेवटची पट्टी चौकटीवर टेकल्याचा काहीच आवाज झाला नाही. त्या गल्लीतलं दुसरं कुठलंही शटर पडलं की धाडकन पडतं, ते आम्ही येतानाच ऐकलं होतं. दुपारी मालकिणीची झोप मोडू नये म्हणून काकांनी हे केलं होतं, ग्रासिएलाने दारातून सांगितलं. आता ही खोली कुणी वापरत नाही.

मी शटर वर घेतलं. गुडघ्यावर बसून खालच्या पट्टीखाली बोट घातलं. लाकडाच्या कडेला चामड्याची पातळ पट्टी लावलेली होती, कडक होऊन काळी पडलेली, आणि ती पितळी खिळ्यांनी ठोकलेली. खिळ्यांची डोकी घासून लाकडाच्या पातळीत आणलेली होती. मी एका टोकापासून अंगठा ठेवत गेलो. चौदा खिळे. मधलं अंतर सगळीकडे सारखं. काकू येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या आणि उशीवर हात ठेवून बघत होत्या. मी दुसऱ्या टोकाला पोचलो आणि तिथून परत पहिल्या खिळ्याकडे यायला लागलो.