रिकाम्या खिशाचा नोटवाला

नाचणगावात रत्नदीप थूलइतका पैसा कुणी पाहिलेला नाही, आणि त्याच्याइतका रिकामा खिसाही कुणाचा नाही. उभी हयात या माणसानं सरकारी छापखान्यात नोटा छापल्या. कारागीर म्हणून लागला, अधिकारी होऊन निवृत्त झाला. पण पानठेल्यावर खर्रा घेतला की गडी दोन्ही खिसे चाचपतो आणि मागे वळून बायकोला शोधतो.

यात कंजुषी नाही, सवय आहे. छापखान्यात जाताना स्वतःचा पैसा दारावर जमा करायचा, येताना दोन्ही हात वर करून झडती द्यायची, हा तिथला नियम. साहेब असो की झाडूवाला. लग्नानंतर रत्नदीप पहिल्यांदा रोहण्याला सासुरवाडीला गेला तेव्हा दारात पोचताच त्याचे हात आपोआप वर गेले. सासू आत जाऊन म्हणाली, "जावई भला दिसते, पन आल्या आल्या छत काऊन मोजून राह्यला?"

त्याचे वडील चिंधूबाबा पुलगावला कापसाच्या गठाणी उचलायचे. पोरगा नागपुरातून छपाईचा कोर्स करून आला आणि म्हणाला, "बाबा, मी परगावच्या प्रेसमधी लागलो." बाबांना प्रेस म्हणजे गठाणी दाबायची एवढंच ठाऊक. "गठाणी दाबायले तितल्या दूर काऊन जातं बे? इथं काय कमी हायेत?"

"कापसाची नाई बाबा. नोटांची."

चिंधूबाबा उठले. दाराला कडी घातली. खिडकी लोटली. मग पोराच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "घरी आनता येते?"

"नाई."

"एखांदी?"

"एकई नाई."

बाबांनी कडी काढली. "मंग कायची नोकरी!"

पहिल्या दिवशी एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी छापलेल्या कोऱ्या नोटा पाहून रत्नदीपनं चपला काढून हात जोडले. आठवड्याभरात ते सुटलं. हलवायाला जिलबीचं जे होतं ते त्याला नोटांचं झालं. पुढं तो तपासणीत गेला आणि तिथं त्याचं खरं सोनं झालं. कागद फडकवायचा, उजेडात धरायचा, बोटाच्या शेंड्यानं छपाईचे उठाव चाचपायचे. चांगला कागद उजवीकडे. वाईट असेल तर डावीकडे टाकून मोठ्यानं म्हणायचं, "बाद!" आणि एकदा डावीकडे गेलेला कागद पुन्हा उजवीकडे येत नाही. रत्नदीप या कायद्याचा इतका कडवा की साहेब झाल्यावरही खुर्ची सोडून तपासणीच्या टेबलापाशी उभा राहायचा.

घरी काय होत असेल ते विचारू नका. बायकोनं, दीपमालानं वाढलेली पोळी तो आधी बल्बकडे धरायचा. "उजवीकडून जाड हाये," म्हणायचा. दीपमाला म्हणायची, "डावीकडं ठेवा आन उपाशी झोपा!"

नोटाबंदीच्या हिवाळ्यात तर गावाला अचानक त्याची आठवण झाली. रोज फोन. "भाऊ, एखांदं बंडल पार्सल कर ना." इकडे भाऊ दोन-दोन पाळ्या छपाई करत होता आणि त्याच्या घरात भाजीला सुटे नव्हते.

एकच गोष्ट त्याला आतून खुपायची. छापखान्यात एक कागद जरी कमी भरला तरी दारं बंद होत. तो सापडेपर्यंत आतला माणूस आत. लेक भावनाचा पहिला वाढदिवस असाच गेला. कागद यंत्राखाली निघाला तोवर केक संपला होता. तिच्या शाळेतल्या गॅदरिंगलाही हेच झालं. पोरीचा प्रत्येक आनंद बंद दाराच्या पलीकडे झाला. म्हणून निवृत्त होऊन नाचणगावला परतल्यावर, भावनानं स्वतःच पसंत केलेल्या अश्वजितशी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला, तेव्हा रत्नदीप हरखून गेला. या वेळी मी हजर! पहिल्या रांगेत!

साक्षगंध खरं म्हणजे मुलीच्या घरी व्हायचं. पण रत्नदीपच्या नव्या घराचा स्लॅब नुकताच टाकलेला, खाली टेकूच्या बल्ल्यांचं जंगल. म्हणून ते सावंगीला, मुलाच्या घरी ठरलं. भावना तिथंच दवाखान्यात नर्स, तिलाही जवळ. काळजी होती ती मुलाच्या वडिलांची. तानबा नगराळे म्हणजे एकदम तापट माणूस. चहा गार आला म्हणून थोरल्या मुलाची सोयरीक त्यांनी कपबशी खाली ठेवायच्या आत मोडली होती.

गाडीत बसताना दीपमालानं बजावलं, "आज कोनत्याई नोटेले हात लावायचा नाई. लावला तं मी भावनाले घेऊन रोहण्याले जाईन."

"हात मांडीखाली ठेवतो," रत्नदीप म्हणाला. आणि खरोखर ठेवले.

मांडव भरला होता. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या. रत्नदीपच्या छातीत बँड वाजत होता. मग अश्वजितची आई पंचफुला पुढं आली. तिनं सुनेला पेढा भरवला आणि हातावर पाचशेची नोट ठेवली. भावनाच्या एका हातात गुच्छ, दुसऱ्यात साडीचा पदर. नोट ठेवायची कुठं? तिनं मागं न पाहता ती जवळच्या माणसाकडे दिली.

जवळचा माणूस कोण? ज्याचे हात नेमके टाळ्यांसाठी मांडीखालून निघाले होते तो!

दीपमाला "अहो" म्हणायच्या आत नोट फडकली. कड्क वाजली. मांडवातल्या फोकसकडे गेली. अंगठा तिच्यावरून फिरला, थबकला, परत फिरला. आणि रत्नदीपनं ती पेढ्यांच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवून खणखणीत आवाजात म्हटलं,

"बाद!"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. तानबा खुर्चीतून उठले.

"काय म्हनलं इवाई? आमची नोट खोटी?"

"खोटी नाई, खोटी नाई! खरीच हाये." रत्नदीपला घाम फुटला, पण खोटं बोलणं त्याच्या खात्यात बसत नव्हतं. "पन... हिले खळ देल्ली हाये."

"नोटेले खळ? धोतर हाये काय ते?"

अश्वजित हळूच आईकडे वळला. "माय, तू काल इस्त्री कायले मांगत होती?"

पंचफुलाचा चेहरा लाल झाला, आणि मग एकदम बांध फुटला. "व्हय, देल्ली खळ! बँकेत कोरी नोट भेटली नाई. नोटा छापनाऱ्या साहेबाच्या पोरीच्या हातावर मी मयकट नोट ठेवू? साबनाच्या पान्यातून काढली, साबुदान्याची खळ देल्ली, पदरावर वायवली आन इस्त्री फिरवली. आता हासा सारे!"

कुणी हसलं नाही. सगळे तानबांकडे पाहत होते, आणि तानबा दाराकडे. "तरी बी बाद म्हनलंच ना? भऱ्या मांडवात?"

रत्नदीपनं भावनाकडे पाहिलं. गुच्छ तिच्या हातात तिरका झाला होता. तिचे डोळे त्याच्यावरच होते, रागानं नाही, गॅदरिंगला बापाची वाट पाहत राहिलेल्या पोरीसारखे. त्याला वाटलं, दार पुन्हा बंद होतंय, आणि या वेळी कडी आपणच घातली.

तो उठला. ताटाच्या डावीकडून त्यानं ती नोट दोन्ही हातांनी उचलली आणि उजवीकडे ठेवली. दीपमालानं तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"पास," रत्नदीप म्हणाला. मग तो पंचफुलाकडे वळला. "इनबाई, मी जलमभर नोटा छापून दाराभाईर सोडल्या. पुढं त्याईचं काय होते, मले कधी दिसलं नाई. कोनी कोंबते, कोनी चुरगायते. लेकरावानी न्हाऊमाखू घालून पाठवलेली ही पह्यलीच पाह्यली. मायी चूक झाली. माया पोरीले घरात घ्या. तिले तं तुमी इस्त्रीचा चटकाबी लागू देनार नाई, मले मालूम हाये."

पंचफुला आधी हसली. मग मांडव हसला. तानबांनी रागावून राहायची बरीच खटपट केली, मिशी दाबून धरली, पण पोट हलायला लागलं आणि मिशीचा इलाज चालेना. "चहा आना बे!" ते ओरडले. "गरम आना!"

जेवणं झाली. निघताना भावनानं ती नोट बापाच्या खिशात घातली. "बाबा, आज तुमीच ठेवा."

फाटकापाशी पोचताच, सवयीप्रमाणे, रत्नदीपचे दोन्ही हात वर गेले. दीपमालानं कपाळावर हात मारला. पण तानबा पुढं झाले. त्यांनी खांदे चाचपले, काखा चाचपल्या, वरचा खिसा दाबला आणि कड्क आवाज ऐकून आरोळी ठोकली, "सापडली! माल सापडला!"

"मंग?" हात तसेच वर ठेवून रत्नदीपनं विचारलं. "जाऊ देता का अडवता?"

"जा ना इवाई," तानबांनी फाटक सताड उघडलं. "पास झाली हाये ते."