मुख्य न्यायमूर्तींसाठी पायलीभर आंबेमोहोर

चौथीतून शाळा सोडलेला मी मुंबईच्या हायकोर्टात पट्टेवाला झालो, तोही मुख्य न्यायमूर्तींच्या दालनाबाहेर. नोकरी कधीही जाईल ही धास्ती रोज पट्ट्याबरोबर कमरेला बांधायचो.

मे महिन्याच्या सुट्टीत मुळशीला घरी गेलो होतो. कोळवणच्या खोऱ्यात माझ्या विधवा काकीचं भाताचं खाचर होतं. त्यावर शेजाऱ्याने दावा लावलेला. पुण्याच्या खालच्या कोर्टात काकी जिंकली, वरच्यात हरली. आता अपील आमच्या हायकोर्टात.

"तुजा सायेब समद्यांत मोठा न्हवं? सांग की त्याला."

"काकी, कुठलं काम कुठल्या न्यायमूर्तींकडे जायचं एवढं ते ठरवतात. निकाल त्या न्यायमूर्तींचा. त्यात साहेबांनाही बोलता येत नाही."

"आरं मंग मोठा कशाचा? त्याच्या वर कोण हाय?"

"दिल्लीचं सुप्रीम कोर्ट."

"तितं आपलं कुनी हाय का?"

"नाही."

"मंग हितंच बघ काय ते."

आणि तिने पायलीभर आंबेमोहोर जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिला. वैद्य असो की गुरुजी, काम घेऊन जायचं तर नवा तांदूळ न्यायचा, ही आमच्याकडची रीत. मला नाही म्हणवलं नाही. मुंबईला आल्यावर साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाक्याच्या हाती गाठोडं दिलं, म्हणालो, "गावाकडचे आहेत." खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. दालनात जाऊन सगळं सांगून टाकलं. काकीचं नाव ओठावर आलं तोच साहेबांनी हात वर केला.

"नाव सांगू नका. कळलं तर ते अपील कुणाकडे द्यायचं, हेसुद्धा मला मोकळ्या मनाने ठरवता येणार नाही." मग म्हणाले, "तांदूळ परत न्या. दोन दिवस रजा घ्या. पोस्टाने कळवू नका, स्वतः जाऊन सांगा."

चौथीवाल्याला ते 'तुम्ही' म्हणाले. नोकरीही राहिली.

काकीने गाठ निरखली. तिचीच होती, सुटलेली नव्हती. मला वाटलं, आता शिव्या.

"मंजी त्या पल्याडच्याचं बी घेतलं नसंल?"

"कुणाचंच घेत नाहीत."

"मंग लई बरं झालं," म्हणाली, आणि त्याच तांदळाचा भात तिने मला वाढला.

निकाल पुढे उशिरा लागला, दुसऱ्याच न्यायमूर्तींकडून. निम्मं खाचर गेलं. काकी रडली. दिल्लीला जायचं का विचारलं, तर म्हणाली, "न्हाई. बास." पण पलीकडून काही पोचलं असेल, असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. उरलेल्या निम्म्यात ती शांतपणे भाताचं आवण लावत राहिली.

त्याबद्दल साहेबांचे आभार मानायला दाराशी दोनदा गेलो. धीर झाला नाही. म्हणून इथे लिहिलं.