सारवणातली अक्षरं

आता त्या दुखण्याला काहीतरी नाव आहे म्हणे. डॉक्टर सांगतात, अशा मुलांना वेगळ्या रीतीनं शिकवावं लागतं. आमच्या वेळी आष्ट्याजवळच्या आमच्या गावात त्याला एकच नाव होतं: 'ढ'. माझी पोर तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती आणि अजून तिला धड वाचता येत नव्हतं. वरच्या ओळीत ओळखलेलं अक्षर खालच्या ओळीत आलं की ती त्याच्याकडं परक्यासारखी बघायची. बाकी बोलण्यात, हिशेबात, म्हशी आवरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. सांगलीच्या डॉक्टरला दाखवून आणली. डोळे चांगले, कान चांगले म्हणाला, आणि वर मलाच, "बाई, अभ्यास घेत जा." मी काय कपाळ अभ्यास घेणार! साताऱ्याकडच्या माझ्या माहेरी आम्हा बहिणींपैकी एकीनंही शाळेची पायरी चढली नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. आमचे हे मिलिटरीत, पार तिकडं उत्तरेला. त्यांचं पत्र यायचं ते मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावानं. मग शेजारचे पेन्शनीत निघालेले हवालदार बाहेरच्या सोप्यात बसून ते मोठ्यानं वाचायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकायची. बैल कसा आहे, ऊस कारखान्याला गेला का, सर्वांस नमस्कार. झालं. मी परत चुलीपुढं.

त्या वर्षी मास्तरांनी मामंजींना गाठून सांगितलं, पोरीच्या डोक्यात अक्षर ठरत नाही, उगीच जागा अडवते. मामंजी घरी येऊन म्हणाले, "ऊस तुटंपत्तर बघायचं. पोराचा एक कागुद तिनं मला वाचून दावला तर शाळा. न्हाईतर म्हशी हायत."

मी आतून भडकले, पण सासऱ्यापुढं बोलायची सोय नव्हती. राग काढला शेणावर. त्या दिवशी सोपा सारवायचा होता. पोर शेजारी बसून हातानं शेण ओढत होती, काय सुरेख ओढायची, आणि मी म्हणाले, "एवढा हात चालतो, मग पाटीवर काय लकवा भरतो गं तुला?" तिच्या पाटीवर मास्तरांनी 'म' काढून दिला होता. तिचा हात धरला आणि तिथंच, ओल्या सारवणात, भाकरीएवढा मोठा तो 'म' ओढला. तिनं स्वतः परत ओढला. मग अजून एक. वाळल्यावर बोटाला खोलगट लागत होता. ती डोळे मिटून त्यावरनं बोट फिरवत बसली.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, मळ्यातनं आल्या आणि उंबऱ्यातच किंचाळल्या, "अगं बया! सरस्वती हाय ती! पाय पडंल की गं कुणाचा!"

हा विचार मी केलाच नव्हता. अक्षराला पाय लावायचा नाही, हे तर आमच्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक. आणि एकदा वाळलेलं सारवण म्हणजे पुढचा आठवडा येईपर्यंत हलायचं नाव नाही. खरवडून काढू म्हटलं तर आत्याबाई म्हणाल्या, "खरवडतीस? विद्या खरवडतीस? फुडल्या सारवणात आपोआप जिरंल तवा जिरंल."

मग सुरू झाली मजा. मामंजी धोतर आवरून अक्षरांमधनं बगळ्यासारखे पाय टाकायचे. चुकून बोट लागलं तर वाकून जमिनीला हात, मग कपाळाला. "माज्या गुडघ्यांची कवायत लावलीया ह्या पोरीनं," म्हणायचे. पण नेम मोडायचे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठनं जायचं ते सांगायला पोर उंबऱ्यावर बसायची. कासार आला, "मामा, थांबा, तो ग हाय, भिताडाकडनं या." हवालदार आले, "तिथं न्हाई, तो भ हाय!" दिवसातनं पन्नास वेळा तिच्या तोंडून अक्षरं निघायची, आणि मास्तराची छडी जवळपास नाही. दर आठवड्याला नवं सारवण, नवी अक्षरं. पुढं पुढं शब्द. मलाही त्यातली सुटी अक्षरं कळायला लागली.

सरळ काही झालं नाही हो. सोमवारी आलेलं अक्षर गुरुवारी गेलेलं असायचं. एकदा 'घ' आणि 'ध' सात वेळा सांगून झाले, आठव्यांदा चुकली आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. अजून तो हात मला आठवतो आणि लाज वाटते. ती रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, "आये, उद्याच सारवूया का? मला ते दोन्ही परत काढायचं हायत." चिकाटी म्हणजे काय ते मी नऊ वर्षांच्या पोरीकडून शिकले.

उसाला तोड आली आणि पत्रही आलं. हवालदार मोतीबिंदू काढायला सांगलीला गेलेले. मामंजींनी पत्र पोरीच्या हातात दिलं. माझे हात पिठात. दाराआडून बघत होते. तिनं सुरुवात केली, "तीर्थरूप आबांस..." मामंजींनी लगेच त्या ओळीवर अंगठा ठेवला. "ते मला बी पाठ हाय. त्याच्या फुडचं वाच." मोठा बेरकी म्हातारा!

तिनं बोट टेकवलं. एकेक अक्षर. मधेच हवेत हातानं अक्षर ओढून बघायची, मग म्हणायची. थंडी... फार... आहे. बैलाचा... खूर... बरा झाला का. दूध तापून उतू गेलं, मी हलले नाही. आत्याबाईंनी माळ धरली होती, पण मणी पुढं सरकत नव्हता. ऊस झाला, नमस्कार झाले. मला वाटलं संपलं. पोर थांबली नाही.

"घ... घरात... विचारणे... दाढ... दुखायची... राहिली का. मागच्या... दोन्ही पत्रांत... विचारले. कुणी... कळवत नाही."

हे मागं रजेवर आले तेव्हा माझी दाढ ठणकत होती. हवालदार घडाघडा वाचायचे, गाडी सुटल्यासारखे, आणि वडीलधाऱ्यांपुढं बायकोची चौकशी कशी वाचायची म्हणून हे गाळून टाकायचे. माझ्या ढ पोरीला गाळता येत नव्हतं. तिनं एकाही अक्षरावर पाय दिला नव्हता.

मामंजी खाकरले. आढ्याकडं बघितलं. मग लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दाराच्या दिशेनं तोंड करून मला विचारलं, "लय दुखती व्हय गं दाढ?"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होते आणि हसतही होते. मामंजी पोरीकडं वळले. "उद्या शाळंला येळंवर जा. म्हशी मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरची तार काढली. जुनी पत्रं सगळी त्या तारेला टोचलेली असायची. पोरीला म्हणाले, "सगळं नको वाचू. फक्त शेवटच्या ओळी वाच." एवढ्याला तिला आठ दिवस लागले. लागेनात का! मला काही घाई नव्हती.