धोंडबा मामांनी घेतलेलं नाव

धोंडबा मामा भिंतीवरचं चित्र बघण्याआधी चपला काढायचे. चित्र देवाचंच असायला हवं असं काही नव्हतं. कुटुंबनियोजनाच्या जाहिरातीपुढेसुद्धा हा माणूस भर उन्हात अनवाणी उभा! मी एकदा वैतागून विचारलं, "मामा, पाय भाजत नाहीत का हो?" तर म्हणाले, "भाजत्यात की. पण कुण्या माणसानं जीव लावून काढलं हाय ना, बाई. त्याच्या दारात चपला घालून कसं उभं ऱ्हावं?"

मामा आता नाहीत. मी औंढ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले तेव्हा ते तिथून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते, तरी रोज शाळेत येऊन बसायचे. घरी एकटेच होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मी नवीन, शहरातून आलेली, नाक वर करून हिंडणारी. "देऊळ पाहून झालं, आता या गावात बघायचं काय?" असं मी एकदा सगळ्यांसमोर बोलून गेले. मामांनी ते ऐकलं. "काहून न्हाई? चला, दाखवतो," म्हणाले, आणि त्या रविवारपासून आमची फिरती सुरू झाली.

गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर मेंढपाळाचं चित्र होतं. मेंढरं पांढरीशुभ्र, गुबगुबीत. मामांचं घराणंच मेंढरं राखणारं. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला, "माणूस बराबर हाय. मेंढरं कॅलेंडरातली हायत. आपली काळी असत्यात." एकदा आखाडा बाळापूरच्या एका दुकानाच्या शटरवर रंगवलेली बैलजोडी दाखवायला मला एसटीनं घेऊन गेले. नेमका बाजाराचा दिवस, दुकान उघडं, आणि बैलजोडी शटरसकट वर गुंडाळलेली! मला हसू आवरेना. मामांनी मात्र दुकानदाराला गळ घालून पाच मिनिटं शटर खाली ओढायला लावलं. आत दोन गिऱ्हाइकं अडकली ती अडकलीच.

या भटकंतीतूनच मला सुचलं की गावातल्या हाताच्या वस्तूंचं शाळेत प्रदर्शन भरवावं. लोकांनी गोधड्या, सुपल्या, बैलांच्या झुली आणून दिल्या. मामांनी एक काळी घोंगडी आणली, चिंचोक्याच्या खळीचा वास असलेली. प्रत्येक वस्तूखाली लावायच्या चिठ्ठ्या मी लिहीत होते. "मामा, कुणी केली ही?"

"घरचीच हाय."

"घरची म्हणजे कुणाची?"

"घरचीच की, बाई," म्हणून त्यांनी मान खाली घातली. मला घाई झाली होती. मी लिहून टाकलं, 'घोंगडी. कारागीर माहीत नाही.'

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं. मामा आले ते त्या चिठ्ठीपुढे उभे राहिले. तासाभरानं बघते तर तिथंच. दुसरी एकही वस्तू पाहिली नव्हती. मी जवळ गेले. "काय झालं, मामा?"

"माहीत न्हाई कसं?" ते म्हणाले. आवाज एवढासा. "मला तं माहीत हाय. सहा महिने सूत कातून राहिली व्हती. दम लागायचा तरी सोडना. विणून दुसऱ्यानं दिली, पण सूत सगळं तिचं. शेवटची हाय ही."

अगं बाई! घरची म्हणजे बायकोची. मामांच्या घरात नवरा बायकोचं नाव घेत नाही. सारा संसार 'ऐकलं का'वर झालेला. आणि मी शहाणी दुसऱ्यांदा विचारायचेही कष्ट न घेता तिचं नाव पुसून मोकळी झाले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी कोरी चिठ्ठी आणि पेन घेतलं. "मामा, नाव सांगा त्यांचं."

मामा घोंगडीचा काठ चाचपत राहिले. तोवर बचत गटाच्या बायका जमल्या. "घ्या की मामा नाव! नव्या नवरदेवावानी काय लाजून राहिले?" सगळ्या खिदळायला लागल्या. मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला दया आली, मी पेन पुढे केलं. "बोलू नका, नुसतं लिहून द्या."

"न्हाई," मामा म्हणाले. "लिहायचं तुमी. सांगतो मी." त्यांनी टोपी नीट केली, ताठ उभे राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "साळूबाई. शिरड शहापूरची."

बायका हसायच्या थांबल्या. मी लिहिलं, जुनी चिठ्ठी काढून नवी लावली. मामांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून ती वाचली.

"लग्नात एकदा घेतलं व्हतं," ते म्हणाले, "थे बी लोकायनी बळंच घ्यायला लावलं म्हणून. ती व्हती तवा एकदा हाक मारली असती, तं काय बिघडलं असतं, बाई?"

माझे डोळे भरून आले होते आणि सगळ्यांसमोर ते पुसायचीही सोय नव्हती. मामा घोंगडीकडे वळले आणि आतल्या खोलीतल्या माणसाला बोलवावं तसं, हळूच म्हणाले, "साळू."