मागे छत्तीस, पुढे बत्तीस

अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. रक्कम सात हजार रुपये, त्याहून एक रुपया जास्त नाही. हजर: मी, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ. तो पोहे खायला आला होता आणि सायकलचा विषय काढायला थांबला होता. टेबलावर बशांच्या मधोमध माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची तुटलेली तार पडली होती. त्या पावसाळ्यातली ती चौथी.

मी वसई पश्चिमेला राहतो आणि सातिवलीच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. तिथे बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. वय बावन्न, वजन चौऱ्याऐंशी किलो. कामावर सायकलने जातो. सायकल गिअरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. रोजचे सोळा किलोमीटर, मध्ये रेल्वेवरचा पूल. आमच्या मालकांनी एकदा ऐकवलं होतं, "तुमच्या पोस्टला सायकल शोभत नाही." मी म्हटलं, "पोस्ट खुर्चीवर बसते, सायकलवर मी बसतो." कारखान्यात विषय तिथेच संपला.

घरात मात्र विषय संपत नव्हता. चौथी तार पुलाच्या उतारावर तुटली, चाक ब्रेकला घासायला लागलं आणि मी दीड तास सायकल ढकलत घरी आलो. फोनची बॅटरी संपलेली. बायकोने तेवढ्या वेळात दोन हॉस्पिटलांना फोन केले होते. त्यामुळे रविवारी अट तिने घातली.

"घरखर्चातून सात हजार बाजूला काढलेत. काय करायचं ते एकदाच करा. त्यानंतर दसऱ्यापर्यंत एक जरी तार तुटली, तर सायकल भंगारात. शब्द द्या."

"दिला."

"आणि माझी जुनी स्कूटर घ्या," मेहुणा म्हणाला. तो दसऱ्याला नवीन घेणार होता. "बावीस हजार. घरातल्या घरात."

"घरातल्या घरात आहे तर बावीस कशाला?"

"भावोजी, पेट्रोल फुल करून देतो ना!"

स्कूटर मला परवडत नव्हती असं नाही. पण सकाळचा अर्धा तास आणि संध्याकाळचा अर्धा तास मी माझ्या पायांनी चालवलेला असतो, आणि बावन्नाव्या वर्षी तो सोडायला मी तयार नव्हतो. दुसरं काही मोठं कारण नाही.

त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या सायकलच्या शोरूममध्ये गेलो. दुकानदार पोरसवदा, बोलायला गोड. त्याने चाकांची काळी चकचकीत जोडी काढली.

"अंकल, हे अपग्रेड घ्या. सहा हजार आठशे. पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं म्हणून हा रेट. एकदम लाइट."

मी तारा मोजल्या. एकेका चाकाला चोवीस.

"माझ्या बत्तीस तुटतायत, आणि तू मला चोवीस देतोस?"

"अंकल, टेक्नॉलॉजी आहे!"

मग मी विचारलं की माझ्या मागच्या गिअरचे दाते यावर बसतील का. माझं फ्रीव्हील जुन्या पद्धतीचं, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी फिरवून बसणारं. या चाकावर दात्यांचा वेगळाच संच सरकवून बसवायचा होता. तो संच, नवीन चेन आणि गिअर बदलायचा खटका धरून बेरीज दहा हजार नऊशे झाली.

"मग सहा हजार आठशे हा कसला आकडा?"

"तो चाकांचा, अंकल."

"माझं एकच चाक खराब आहे."

"एक नाही मिळणार. जोडीच येते."

मी जोडी तिथेच ठेवून बाहेर पडलो. घरी बायको म्हणाली, बरं झालं, पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायचीच नाही. मेहुण्याने फोनवर तिला दुजोरा दिला. दसऱ्याला स्कूटर आणि चाक एकाच मुहूर्तावर बघू म्हणाला. मला तो मुहूर्त नको होता. घटस्थापनेपर्यंत थांबलो तर त्याच खिळखिळ्या चाकावर दोन आठवडे काढायचे आणि त्यात पाचवी तार तुटणार, हे मला दिसत होतं.

पुढच्या रविवारी केळी आणायला निर्मळला मामांकडे गेलो. मामांची काळी सायकल वाडीच्या कुंपणाला टेकवलेली होती. तिच्या कॅरिअरवरून त्यांनी उभ्या आयुष्यात केळीचे लोंगर आणि फुलांच्या टोपल्या बाजारात नेल्या. तिच्याकडे मी लहानपणापासून बघत आलोय, पण तारा कधी मोजल्या नव्हत्या. त्या दिवशी मोजल्या. पुढे बत्तीस, मागे चाळीस. खात्री करायला परत मोजल्या.

"केळी न्यायला आलास की तारा मोजायला?" मामांनी विचारलं.

"मागे आठ जास्त का हो, मामा?"

"मला काय ठाऊक! अशीच मिळाली. तू आता सायकलचापण हिशेब तपासणार काय?"

कारण मी माझं लावलं. बसणाऱ्याचं आणि कॅरिअरचं बहुतेक वजन मागच्या चाकावर. माझ्या सायकलला त्यात डिस्क ब्रेकची भर. हा ब्रेक रिमला धरत नाही, मधल्या हबला धरतो. म्हणजे थांबायचा सगळा झटका तारांमधून रिमपर्यंत जातो. आणि पुलाच्या उतारावर मी रोज मागचाच ब्रेक दाबतो. पुढची एकही तार आजवर तुटली नव्हती. मग पुढच्या चाकावर पैसे कशाला घालायचे? दोन्ही चाकं सारखी दिसावीत म्हणून?

चाळीस भोकांचा डिस्कचा हब शोधून मिळाला नाही. छत्तीसचा मिळाला, माझं फ्रीव्हील बसेल असा आट्यांचा. मुंबईच्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराकडून मागवला. हब साडेसातशे, दुहेरी भिंतीची रिम साडेनऊशे, स्टेनलेसच्या तारा चौदा रुपयांना एक, अशा अडतीस. दोन जादा, कारण मी आशावादी माणूस नाही. साध्या तारा घेतल्या नाहीत. आमच्या हवेत त्यांना वर्षात गंज धरतो.

खोकं दारात आलं तेव्हा बायकोने हात आडवा धरला. "पितृपक्ष आहे."

"नवीन जोडी घेतली असती तर खरेदी झाली असती. एक चाक म्हणजे दुरुस्ती. पितृपक्षात दात दुखला तर डॉक्टरकडे जात नाही का?"

"दाताची आणि चाकाची तुलना करू नका." पण हात काढला.

चाक बांधायला वसई गावात बाजाराच्या टोकाला असलेल्या म्हाताऱ्या कारागिराकडे दिलं. त्याला माझा बेत आवडला नाही.

"मागे छत्तीस, पुढे बत्तीस? कोनी सांगितला?"

"मी ठरवलं."

"जोडी नाय दिसनार, सायेब. लोक हसतील."

"लोक मागून बघतात, त्यांना पुढचं चाक दिसत नाही."

त्याने चाक बांधून दिलं. मजुरी घेतली नाही. आठ दिवस वजनासकट चालवायचं, तारा जागेवर बसल्या की परत आणायचं, तो चाकाचा आउट, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, काढणार, मगच मजुरी. ही त्याची पद्धत. मला ती पटली. आठ दिवस मी चुकूनही एक खड्डा चुकवला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बायकोने फर्मान काढलं: झेंडू आणि केळी निर्मळहून सायकलवर आणायची, मग कारागिराकडे जायचं, आणि ती स्वतः मागून बघणार. मागून म्हणजे भावाच्या स्कूटरवर बसून. मामांनी झेंडूचं पोतं आणि केळीचा लोंगर कॅरिअरवर बांधला. वजनकाट्यावर सव्वीस किलो. अधिक मी.

मेहुणा वाटभर बोलत होता. "भावोजी, घाम पुसा! भावोजी, ढकलू का?" मी मागे बघितलं नाही.

अर्ध्या वाटेवर टण्ण असा आवाज आला.

मी थांबलो. स्कूटर थांबली. मेहुण्याने हेल्मेट काढलं आणि आनंद लपवायचा प्रयत्न केला. "बावीसचे वीस करतो, भावोजी."

मी खाली बसलो आणि एकेक तार बोटाने दाबत मोजायला लागलो. बायको दुसऱ्या बाजूला बसली आणि तीही मोजायला लागली. छत्तीस. तिच्याही छत्तीस. रस्त्यावरचा खडा उडून तारेवर आपटला होता. तारेवर पांढरा ओरखडा होता, बस्स.

"परत मोजा," मेहुणा म्हणाला.

"तूच मोज," बायको म्हणाली. त्याने मोजल्या.

कारागिराकडे पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

"तार नाही तुटली, पण तुम्ही तुटलात," मेहुणा म्हणाला.

"दमलो. दमायलाच सायकल चालवतो. तुझी स्कूटर दुसऱ्या कुणाला वीसला दे."

कारागिराने चाक उलटं टांगून फिरवलं, चार तारा जराशा आवळल्या, पुन्हा फिरवलं. चाक सरळ फिरत होतं. बायको ते थांबेपर्यंत बघत राहिली. मग पोत्यातून झेंडूची दोन फुलं काढून तिने ती हँडलच्या वायरीत खोचली. पूजा खरं तर उद्याची होती. मी खिशात हात घातला, तर म्हणाली, "थांबा."

सुट्या भागांचे दोन हजार दोनशे बत्तीस मी मुंबईच्या दुकानदाराला आधीच दिले होते. मजुरीचे पाचशे तिने स्वतःच्या पर्समधून काढून कारागिराच्या हातात ठेवले. एकूण दोन हजार सातशे बत्तीस. मेहुण्याला काही द्यायचं नव्हतं.