कुणाच्याच नावावर नसलेला टप्पा

साबिन मुर्गू पेन्सिलीला चाकूनंच टोक काढायचे. ड्रॉइंग तपासताना आकडे ओठांतल्या ओठांत वाचायचे. चूक सापडली की हलकी शीळ घालायचे, आणि ती ऐकून खोलीतलं कुणीतरी खोडरबर शोधू लागायचं. कॅन्टीनमधला उरलेला पाव खिशात घालून न्यायचे, फाटकावरच्या कुत्रीसाठी. खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांना नावं द्यायचे, तीही जुन्या डायरेक्टरांची. ‘ठीक आहे’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘बघू’ म्हणायचे. आणि शुक्रवारी कशावरही सही करायचे नाहीत.

इलिंकाचं टेबल त्यांच्या समोर होतं. साहित्याची पदवी घेऊन ती टर्बाइनच्या कारखान्यात आली, कारण रेशित्सा या गावात तिच्यासाठी दुसरं काम नव्हतं. ड्रॉइंगांच्या कामासाठी नवी संगणक प्रणाली येणार होती. तिच्या सूचना साध्या भाषेत लिहायच्या, एवढंच इलिंकाचं काम. टर्बाइन म्हणजे काय हेही तिला ठाऊक नव्हतं. साबिनकाकांनी पहिल्याच दिवशी चहाच्या बशीत चमचा फिरवून दाखवलं. टेबलभर चहा झाला. “असं,” ते म्हणाले. “फक्त सांडायचं नाही.”

त्यांचे वडील याच कारखान्यात भट्टीवर होते. हे शिकून इंजिनियर झाले आणि ड्रॉइंग तपासायला बसले, ते बसलेच. नव्वद सालानंतर अर्धा कारखाना भंगारात गेला. बरोबरीचे लोक जर्मनीला गेले. पुढे बायको देवाघरी गेली, मुलगी लग्न करून तोरिनोला गेली. हे राहिले. तुम्ही का नाही गेलात, असं इलिंकानं एकदा विचारलं होतं.

“भिंतीवर ड्रॉइंगं लावलेली होती गं,” ते म्हणाले. “ती तशीच टाकून कसं जायचं?”

ती भिंत कॉफीच्या शेगडीजवळची. तपासून झालेलं ड्रॉइंग साबिनकाका लगेच पुढे पाठवत नसत. त्या भिंतीवर टाचायचे. कॉफी उकळेपर्यंत माणूस करणार काय? समोरचं ड्रॉइंग बघायचा. मग पाइपवाल्यांतला कुणी म्हणायचा, अरे, इथं पाना फिरवायला हात कसा जाणार? हिशेब खात्यातली बाई म्हणायची, हे चित्र कुणाच्या सासूचं? लोक पेन्सिलीनं खुणा करायचे, टिंगल करायचे, कधी मिशा काढायचे. काही दिवस कुणी काहीच बोललं नाही की साबिनकाका ते ड्रॉइंग उतरवायचे आणि सही करायचे.

याला कुणी काम म्हणत नव्हतं. साबिनकाकासुद्धा नाही.

प्रणाली बसवायला तिमिशोआरा शहराहून रेमुस नावाचा तरुण आला. भला मुलगा. आदबीनं बोलायचा. ड्रॉइंग कुणाकडून कुणाकडे जातं आणि किती वेळ थांबतं, हे तो प्रत्येकाला विचारून टिपून घेत होता.

“तपासणी झाली. मंजुरीला जाईपर्यंत मध्ये काय होतं?” त्यानं साबिनकाकांना विचारलं.

“मध्ये? लटकतं.”

“कुणाकडे?”

“ज्याला कॉफी हवी असेल त्याच्याकडे.”

खोलीत हशा पिकला. रेमुसही हसला. मग त्यानं विचारलं, “म्हणजे थांबण्याचा वेळ किती धरू, इंजिनियरसाहेब?”

साबिनकाकांनी चाकू उचलून पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. डायरेक्टर व्लाइकूंनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं की प्रत्येक विभागाचा उशीर ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल. आपला विभाग सगळ्यांत वर लाल दिसेल, तोही कॉफीपायी, हे त्यांना सोसवेना.

“शून्य लिहा,” ते म्हणाले. “ते काही नाही. आमच्या गप्पा.”

प्रणाली सुरू झाली आणि चांगली चालली. हे साबिनकाकाही मान्य करायचे. ड्रॉइंग झालं की आपोआप तपासणाऱ्याच्या पडद्यावर, तिथून मंजुरीला, तिथून कारखान्यात. वेळेत गेलं तर हिरवं, रेंगाळलं तर लाल. हरवलेलं ड्रॉइंग शोधत जिन्यावरून पळणं बंद झालं. भिंतीवर कागद लावायला मनाई झाली, आणि तीही उगाच नव्हती. पूर्वी एकदा भिंतीवरची जुनी प्रत खाली कारखान्यात गेली होती आणि त्या जुन्या मापावर टर्बाइनचं अख्खं चाक कापलं गेलं होतं. भिंतीला नवा रंग लागला. लोक आता कॉफी करताना मोबाइल बघायचे.

मग डोंगरातल्या एका जुन्या वीजघराचं काम आलं. दोन टर्बाइनं बदलायची होती. चाकाभोवती पाणी फिरवणारं लोखंडी कवच पूर्वी दोन तुकड्यांत असायचं. या वेळी ते एकसंध केलं. सांधा नाही, गळती नाही. साबिनकाकांनी माप न् माप तपासलं. एकही शीळ वाजली नाही. ड्रॉइंग सगळीकडून हिरवं होत पुढे गेलं.

पहिलं कवच ट्रकवरून डोंगरात पोचलं आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबलं. आत जाईना. हातभर मोठं झालं होतं. माप चुकलं नव्हतं. वीजघर बोगद्याच्या पोटात आहे, ही गोष्ट ड्रॉइंगमध्ये कुठंच नव्हती.

बातमी आली तेव्हा पाइप विभागातली लिव्हिया टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती आणि साबिनकाका कॉलेजपासून एकत्र.

“अरे साबिन, मला का नाही दाखवलंस? त्या बोगद्यात मी दोन हिवाळे काढलेत. कपाळ आपटून आपटून टेंगूळ आलं होतं माझ्या!”

“तुझ्या पडद्यावर ते यायचंच नव्हतं.”

“पडद्यावर? मेल्या, मी कॉफी काय पडद्यावर उकळते?”

त्या दिवशी कुत्रीचा पाव टेबलावरच राहिला.

बैठकीत व्लाइकूंनी सगळ्या नोंदी उघडल्या. सगळं हिरवं. “प्रणालीच्या हिशेबानं कुणीच चुकलं नाही,” ते म्हणाले. “मग ते कवच बाहेर का उभं आहे?”

“मधला वेळ मी शून्य सांगितला होता,” साबिनकाका म्हणाले. “तो शून्य नव्हता.”

व्लाइकू रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं इलिंकाला वाटलं. “मग तो टप्पा प्रणालीत घाला, साबिन. दुसऱ्या कवचाचं ड्रॉइंग येतंच आहे. नाव, जबाबदार माणूस, मुदत. एवढं द्या, मी मंजूर करतो. हेही बाहेर उभं राहिलं, तर पुढचं काम आपल्याला कुणी देणार नाही.”

बैठकीनंतर साबिनकाका आणि इलिंका त्या तीन रकान्यांसमोर बसले.

“तू साहित्यवाली. नाव सांग,” साबिनकाका म्हणाले.

“सामूहिक अवलोकन?”

“कबरीवरची पाटी वाटते.”

“येता-जाता बघणं?”

त्यांनी मान हलवली. “हे चालेल. बघू.”

जबाबदार माणूस म्हणून त्यांनी ‘सगळे’ असं लिहिलं. प्रणालीनं घेतलं नाही. एकच नाव हवं होतं. ते लिव्हियाकडे गेले.

“माझं नाव घालू नकोस बाबा,” ती म्हणाली. “ते माझं काम झालं ना, की मी बघायचं सोडीन. नुसती सही करीन. तू नाही का करत, कॅन्टीनच्या तक्रारवहीवर?”

“मी वाचतो तरी.”

“खोटारडा.”

साबिनकाका हसले, पण परत येऊन त्यांनी तो रकाना रिकामाच ठेवला. मुदतीत त्यांनी ‘कुणी काही बोलेपर्यंत’ असं लिहून पाहिलं. तिथं आकडा हवा होता.

“मी आयुष्यभर लोकांच्या चुका शोधल्या,” ते म्हणाले. “खरं तर त्या मी शोधतच नव्हतो. भिंत शोधायची. आणि मीच ती शून्यात काढली.”

त्या शुक्रवारी दुपारी दुसऱ्या कवचाचं ड्रॉइंग पडद्यावर आलं. ते हिरवं होत निघून जाईल या धास्तीनं त्यांनी जबाबदार माणूस म्हणून स्वतःचं नाव घातलं, मुदतीत मोठा आकडा टाकला आणि टप्पा चालू केला.

“तात्पुरतं,” ते म्हणाले. “सोमवारी नीट विचार करू.”

रविवारी ते बागेत झाडांच्या बुंध्यांना चुना लावत होते. तिथंच कोसळले. शेजाऱ्यांनी हाक मारली तेव्हा सगळं संपलं होतं.

मुलगी तोरिनोहून आली. दफन झालं. लिव्हियानं मृताच्या नावानं वाटतात ती उकडलेल्या गव्हाची, साखर-अक्रोड घातलेली कोलिवा ऑफिसात आणली आणि कागदी पेल्यांतून वाटली. सगळ्यांनी उभ्यानं खाल्ली.

ड्रॉइंग साबिन मुर्गू या नावापाशी थांबून राहिलं. त्याच्यामागून आलेली दुसरी ड्रॉइंगंही तिथंच थांबू लागली. मुर्गूंचं काम रेंगाळलं आहे, असं प्रणाली रोज सकाळी मुर्गूंनाच कळवायची. कळवण्याचं ते वाक्य इलिंकानंच लिहिलं होतं.

शेवटी व्लाइकू म्हणाले, “नाव बदला.” इलिंकानं रेमुसला फोन लावला.

“मनापासून वाईट वाटलं,” तो म्हणाला. “कुणाचं नाव घालू? सांगा, लगेच करतो. की टप्पाच काढून टाकू?”

इलिंकानं वर पाहिलं. सगळे आपापल्या पडद्यात होते. लिव्हियानंही मान वर केली नाही.

“थांबा जरा,” ती म्हणाली, आणि तिनं तो टप्पा उघडला. खाली सूचनेची चौकट होती. ती नेहमी इलिंका भरायची. या वेळी साबिनकाकांनी स्वतः सुरुवात केली होती.

‘या टप्प्यात ड्रॉइंग अशा ठिकाणी ठेवावं, जिथं ज्याचा त्या ड्रॉइंगशी काहीही संबंध नाही असा माणूस’

पुढे काही लिहिलेलं नव्हतं.